विसाव्या नंबरची यित्का

आमची सून यित्का हिनं संचालकपद सोडलं त्या दिवशी ती घरी येताना केक घेऊन आली. त्यामुळे आम्हाला आधी वाटलं, बढती मिळाली.

"बढती आता कसली?" माझी बायको ऊर्मिला म्हणाली. "संस्थेची मुख्य तर तीच. आता काय इमारत नावावर करून देणार आहेत?"

यित्कानं केक कापला. सगळ्यांना सारखे तुकडे दिले. सारखे म्हणजे अगदी सारखे, ती पदार्थविज्ञानाची बाई आहे. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "आई, बाबा, मी आज राजीनामा दिला. मी गावच्या निवडणुकीला उभी राहते आहे."

ऊर्मिलाचा घास हातातच राहिला. आमचा मुलगा गौरांग मात्र शांत होता. नवऱ्याला आधीच माहीत होतं, हे उघड होतं.

यित्का मूळची चेक देशातली, ब्रनो शहरातली. गौरांगची आणि तिची ओळख इथं जर्मनीत, ब्राउनश्वाइगला शिकताना झाली. पुढं ती गार्चिंगला एका संशोधनसंस्थेत आली आणि एकेक पायरी चढत तिथली मुख्य झाली. आम्ही राहतो ते गाव गार्चिंगपासून बसनं जवळच. मराठी ती माझ्याकडून शिकली. वाक्य पूर्ण केल्याशिवाय सोडत नाही, आणि खात्री नसेल तिथं 'बहुधा' घालते. लग्नानंतर ऊर्मिलानं तिला लाडानं विचारलं होतं, "सुखी आहेस ना गं?" तर ही म्हणाली, "आतापर्यंतच्या अनुभवावरून, बहुधा हो." ऊर्मिला आठवडाभर घरात तेच वाक्य म्हणत फिरत होती.

"पण का गं?" मी विचारलं. "चांगलं चाललं होतं की."

"बाबा, शाळेपुढचा रस्ता."

तेवढ्यावरून मला कळलं. आमची नात अन्वी दहा वर्षांची आहे. तिच्या शाळेपुढून एक मोठा रस्ता जातो. गाड्या भरधाव येतात आणि मुलं कडेला ताटकळत उभी राहतात. यित्कानं तीन हिवाळे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या गाड्या मोजल्या, आलेख काढले, ग्रामपंचायतीला पाठवले. इथं ग्रामपंचायतीला गेमाइंड म्हणतात. दर वेळी फार सभ्य उत्तर आलं, की आपल्या मोलाच्या माहितीबद्दल आभारी आहोत.

"मोलाची माहिती देऊन झाली," यित्का म्हणाली. "आता मला जिथं हात वर होतात तिथं बसायचं आहे."

"आणि नाही निवडून आलीस तर?" ऊर्मिलानं विचारलं. "संस्थेत तर तुझ्या खुर्चीवर दुसरं कोणी बसणार."

"तर मी घरी असेन. बहुधा."

ती हसली, पण पुसलेली सुरी तिनं पुन्हा पुसली. चाळिशीत हातातलं सगळं सोडून रिकाम्या हातानं रांगेत उभं राहायचं, हे तिला दिसत होतंच. आम्हालाही दिसलं. मग सगळ्यांनी केक संपवला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात जत्रा भरली.

फुलांचं दुकान चालवणाऱ्या फ्राऊ फोगल म्हणून एक बाई गावातल्या अपक्षांच्या गटाच्या पुढारी होत्या. त्या स्वतः सरपंचपदालाही उभ्या होत्या. त्यांनी यित्काला आपल्या यादीत घेतलं, पण नंबर दिला विसावा. वीस जणांची यादी, त्यातला विसावा.

"म्हणजे शेपूट!" ऊर्मिला म्हणाली.

"शेपूट नाही, आई. इथं लोक यादी उलटीसुद्धा करू शकतात."

हे आम्हाला समजेना. गौरांगनं समजावलं, तरी समजेना. मग मी ते शनिवारी माझ्या वर्गात नेलं, कारण मला स्वतःला एखादी गोष्ट समजली नाही की मी ती मुलांना शिकवायला घेतो. इथल्या मराठी इंजिनियरांच्या मुलांचा मी दर शनिवारी एक वर्ग घेतो, थोडं गणित, थोडं मराठी, जमेल तेवढ्या गोष्टी. मी प्रत्येकाला वीस शेंगदाणे दिले.

"गावाला वीस सभासद निवडायचे आहेत, म्हणून प्रत्येक माणसाला वीस मतं," मी म्हणालो. "हे दाणे म्हणजे मतं. वर्गातल्या कोणालाही द्या. या गटातल्याला, त्या गटातल्याला, चालेल. एकालाच जास्त द्यायची असतील तर तीनपर्यंत. आणि वीसच्या वर एक जरी गेलं, तर सगळा कागद बाद."

मुलं दाणे घेऊन जी उठली ती वर्गभर पळत सुटली. सगळ्यात धाकटी ईप्सिता, सहा वर्षांची, तिचे दाणे मोजले तर अठराच भरले.

"ईप्सिता, बाकीची दोन मतं कुठं गेली?"

"आजोबा, ती खारी होती."

"चालतात," अन्वी घाईघाईनं म्हणाली. "कमी चालतात. जास्त नाही. गेनाऊ?"

"अगदी बरोबर." आणि मग मलाही समजलं. ज्याला वैयक्तिक मतं जास्त, तो यादीत वर चढतो. शेपटाचं डोकं होऊ शकतं.

मग काय, सगळा मराठी गोतावळा यित्काच्या मागे उभा राहिला. गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनियर, त्यांच्या बायका, आमचा शनिवारचा वर्ग. कोणी पत्रकं वाटली, कोणी तिचं चित्र खांबावर लावायला शिडी आणली. ऊर्मिलानं चार डबे भरून शंकरपाळे केले. पहिल्या बैठकीला आमच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फ्राऊ फोगल दारातच थांबून आनंदानं म्हणाल्या, "एवढे मतदार!"

गौरांग खाकरला. "मतदार असे नाहीत, फ्राऊ फोगल. भारतीय पासपोर्टवाल्याला इथं मत नसतं."

"म्हणजे यांच्यापैकी कोणालाच...?"

"कोणालाच नाही. मलासुद्धा नाही."

"आणि ही मुलं तर लहान," मी भर घातली.

फ्राऊ फोगलनी सगळ्यांवर नजर फिरवली. खोलीभर माणसं, हातात पत्रकं, तोंडात शंकरपाळे, आणि मत म्हणून एकट्या यित्काला, कारण चेक नागरिकाला युरोपीय संघात कुठंही गावच्या निवडणुकीत मत असतं. बाई आधी ओठ चावत होत्या. मग त्या जोरात हसायला लागल्या, खुर्चीला धरून.

"मी इतक्या वर्षांत अशी फौज पाहिली नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "जा, जा, पत्रकं तर वाटता येतात!"

पण खरी अडचण फौजेची नव्हती, सेनापतीची होती. यित्कानं भाषण तयार केलं. ते तिनं माझ्या वर्गात मुलांपुढं करून बघायचं ठरवलं, भिंतीवर चित्रं दाखवत. पहिल्याच चित्रात तीन रंगांच्या रेघा होत्या. पाचव्या चित्रापर्यंत मुलं खुर्चीवरून घसरायला लागली. नवव्याला ईप्सितानं हात वर केला.

"यित्का मावशी, तुला काय हवंय?"

"हे बघ, वाहनांचा सरासरी वेग आणि—"

"पण काय हवंय?"

यित्का थांबली. "सिग्नल. शाळेपुढं."

"मग तेवढंच सांग ना!"

अन्वी जर्मनमध्ये आईला काहीतरी पटापट बोलली. मी विचारलं, काय म्हणाली? यित्का लाल होऊन म्हणाली, "ती म्हणते, ममा, बाकीचं आपण घरी बघू."

पुढचे शनिवार यित्का बाजाराच्या चौकात उभी राहिली. मागे चित्रं नाहीत, फक्त शंकरपाळ्यांचा डबा. बाकीच्या पक्षांचे लोक पेनं वाटत होते, फुगे वाटत होते. एका म्हातारबुवांनी तिला विचारलं, "सिग्नल लागला की गाड्या हळू जातील, याची तुम्हाला खात्री आहे?"

"शंभरात सत्तर," ती म्हणाली.

"इतर सगळे शंभरात शंभर म्हणतात."

"त्यांनी मोजलं नसेल."

म्हातारबुवांनी एक शंकरपाळा तोंडात टाकला, चावला, आणखी एक उचलला आणि म्हणाले, "हे मात्र शंभरात शंभर." ऊर्मिलाला त्यांचं जर्मन कळलं नाही, पण भाव कळला. तिनं त्यांना अख्खी पिशवी भरून दिली.

मग आली जाहीर सभा. गावातल्या हॉटेलच्या सभागृहात सगळ्या गटांचे उमेदवार एका लांब टेबलामागे बसले होते. यित्काच्या विरुद्ध टोकाला हेर श्टाडलर होते. शतावरीचे मोठे शेतकरी, दुसऱ्या गटाचे, किती वर्षं सभासद आहेत ते त्यांनाही आठवत नसेल. यित्कानं दोन मिनिटांत सिग्नलचं सांगितलं, छान सांगितलं. आमच्या फौजेनं टाळ्या वाजवल्या.

हेर श्टाडलर उठले. "सिग्नलला वेळ लागतो, परवानग्या लागतात," ते म्हणाले. "त्यापेक्षा रस्ता तिथं अरुंद करा, मधोमध एक बेट बांधा. पोरं अर्धा रस्ता ओलांडून तिथं थांबतील. ड्रायव्हरला समोर अडथळा दिसला की तो आपोआप हळू होतो. वीज गेली तरी चालतं."

सगळे यित्काकडे बघायला लागले. आता ती उलटून काय बोलणार? यित्का टेबलावर बोटानं काहीतरी आकडे मांडत होती. मग उभी राहिली.

"हेर श्टाडलर यांचा उपाय माझ्या उपायापेक्षा चांगला आहे," ती म्हणाली. "मी माझा मागे घेते."

आणि खाली बसली.

फ्राऊ फोगलनी तोंडावर हात ठेवला. गौरांगनं डोळे मिटले. संस्थेत कोणी चांगला विचार मांडला की ती तसंच म्हणायची, त्यात तिला वावगं काहीच वाटलं नव्हतं. पण हेर श्टाडलर अजून उभेच होते. त्यांच्या हातात उत्तरादाखल लिहिलेले दोन कागद होते.

"अहो बाई," ते म्हणाले, "मग आता मी हे कोणाला वाचून दाखवू?"

आधी मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं, मग सगळं सभागृह हसलं. हेर श्टाडलर स्वतः कागद हलवत हसत होते. दुसऱ्या दिवशी बेकरीतली मुलगी मला म्हणाली, "ती तुमचीच सून ना, भर सभेत 'हो' म्हणाली ती?"

निवडणूक मार्चमधल्या एका रविवारी झाली. मतपत्रिका म्हणजे जवळजवळ चादर, त्यामुळे मोजणीला वेळ लागला. यादी मंगळवारी संध्याकाळी आली. आम्ही सगळे गौरांगच्या संगणकाभोवती जमलो. अपक्षांना चार जागा मिळाल्या होत्या. म्हणजे यादीत मतांनी पहिले चार आत. गौरांग वरून वाचत गेला. पहिल्या फ्राऊ फोगल. दुसरे, तिसरे, चौथे.

"पाचवी..." तो थांबला. "यित्का."

विसाव्या नंबरवरून पाचवी! ऊर्मिलानं आरोळी ठोकली. मग तिला चारच जागा आहेत हे आठवलं, आणि आरोळी अर्ध्यातच राहिली.

"किती मतांनी गेली?" मी विचारलं.

"दोन."

"दोन?" ऊर्मिला म्हणाली. "दोन हजार?"

"दोन, आई. एक आणि एक."

गौरांग सहज बोलावं तसं म्हणाला, "जाऊ दे गं. तू स्वतःला तीन दिलीस, तरी दोन कमी पडली. आपण काय करणार?"

यित्का भुवया आकसून त्याच्याकडे बघायला लागली.

"दिलीस ना तीन?"

"स्वतःला?" यित्का म्हणाली. तिचा चेहरा खरोखरच गोंधळलेला होता. "स्वतःला कसं देणार? आपलाच शोधनिबंध आपण तपासायचा नसतो. आपला विषय आला की खोलीबाहेर जायचं असतं."

मग गौरांग जमिनीवरच बसला. ऊर्मिला एकदा त्याच्याकडे, एकदा सुनेकडे बघत होती.

"मग तुझी वीस मतं दिलीस कोणाला, बाई?"

"तीन हेर श्टाडलर यांना," यित्का म्हणाली. "बेट त्यांचंच आहे."

मला हसू आवरेना. अशा वेळी हसू नये, मला माहीत आहे, पण आवरेना. आधी गौरांग माझ्यावर रागावला, मग तोही फुटला, आणि शेवटी ऊर्मिला पदर तोंडाला लावून बसली. यित्का तेवढी हसली नाही. ती खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. तिची खुर्ची गेली होती आणि नवी मिळाली नव्हती, तेही दोन मतांनी. मग आमचंही हसू ओसरलं.

तेवढ्यात फ्राऊ फोगलचा फोन आला. फोनवर त्या इतक्या जोरात बोलत होत्या की सगळ्यांना ऐकू येत होतं. सरपंचपदासाठी कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नव्हती. दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होणार, आणि त्या दोघांतल्या एक त्याच. त्या सरपंच झाल्या, तर त्यांची सभासदाची जागा रिकामी होणार आणि ती यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार. पुढचा माणूस म्हणजे पाचवी यित्का.

"म्हणजे अजून आहे!" ऊर्मिला म्हणाली.

"हो," यित्का म्हणाली, आणि तिचा चेहरा पुन्हा पडला. "म्हणजे याही वेळी मला मत देता येणार नाही. फ्राऊ फोगल जिंकल्या तर फायदा माझाच आहे."

ऊर्मिला तडक स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली, "अहो, सांगा तिला! नाहीतर आज जेवण नाही कोणालाच!"

मी सांगून बघितलं, गौरांगनं सांगून बघितलं. ती ऐकून घ्यायची, विचार करायची आणि मान हलवायची. इतकी वर्षं पाळलेला नियम होता, तो आमच्या सांगण्यानं थोडाच मोडणार? दरम्यान दोन मतांची गोष्ट सगळ्या मराठी घरांत पोचली. फ्रँकफर्टहून माझ्या चुलतभावानं फोन करून विचारलं, "सूनबाई वाढदिवसाला स्वतःचा केक तरी खातात का?"

फेरमतदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, यित्का माझ्याबरोबर वर्गात आली. घरात बसवेना म्हणाली. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे वर करून बसली. मी नेहमीप्रमाणे हजेरी घेतली. सगळी नावं झाली, आणि ती अशी गप्प बसलेली बघून गंमत म्हणून मी म्हणालो, "यित्का!"

"हजर," ती म्हणाली, सवयीनं, हात वर करून.

ईप्सिता टुणकन उठली. "नाईन, नाही! यित्का मावशी, तू स्वतःच कसं सांगितलंस? दुसऱ्यानं तपासायला पाहिजे ना!"

अख्खा वर्ग हसला. मग मुलांना खेळच मिळाला. एक उठून यित्काचा हात चिमटून बघायला लागला, खरी आहे का. दुसरी म्हणाली, "मावशी बाहेर जा, आम्ही ठरवतो तू आलीस की नाही." अन्वी खुर्चीवर चढली आणि घोषणा केली, "ममा इस्ट दा! ममा आहे! बहुधा!"

यित्काचा हात अजून वरच होता. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग ती इतकी हसली की बुटकी खुर्ची मागे कलली आणि ती खाली बसली, जमिनीवर, मुलांच्या घोळक्यात. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बाबा," ती श्वास घेत म्हणाली, "मत म्हणजे तपासणं नाही. हजेरी आहे. मी या गावात राहते, एवढंच सांगायचं आहे."

"बहुधा," मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. "नक्की."

त्या रविवारी मतदानकेंद्राचं दार उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. अन्वी आणि मी बाहेर थांबलो. बाहेर आली ती हनुवटी वर करून, जणू काही मोठा गुन्हा करून आली आणि तो तिला फार आवडला.

संध्याकाळी सगळं गाव पंचायतीच्या चौकात जमलं. निकाल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर येत होते, एकेका केंद्राचे. आमची बिनमतांची फौज पुढं, लेकरं खांद्यांवर. फ्राऊ फोगल पुढं होत्या, मग मागे पडल्या, मग बरोबरीला आल्या. यित्का माझा हात इतका घट्ट धरून होती की बोटं बधिर झाली.

"शेवटचं केंद्र राहिलंय," गौरांग म्हणाला.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग आकडे आले. फ्राऊ फोगल जिंकल्या होत्या, थोड्या मतांनी, पण जिंकल्या होत्या.

आमच्याकडून जो आवाज उठला त्यानं चौकातली कबुतरं उडाली. ऊर्मिलानं तर सुनेचे दोन्ही हात धरले, आडवे, पाय जुळवले आणि म्हणाली, "मागे झुक. हात सोडू नकोस!" आणि फुगडी सुरू झाली. माझी पासष्टीची बायको आणि माजी संचालक यित्का, पंचायतीच्या दारात, गरगर, गरगर. कोट उडत होते. यित्का चेकमध्ये काहीतरी ओरडत होती आणि ऊर्मिला मराठीत. त्या थांबल्या तेव्हा दोघींनाही सरळ उभं राहता येईना.

हेर श्टाडलर गर्दीतून वाट काढत आले. टोपी काढून त्यांनी यित्काशी हात मिळवला. "म्हणजे आता सहा वर्षं तुमच्याशी भांडायचं," ते म्हणाले. "की पुन्हा 'हो' म्हणाल?"

"तुमचं बरोबर असेल तर म्हणेन," यित्का धापा टाकत म्हणाली. "बेटाचं काम पहिल्याच सभेत घेऊ. दोघं मिळून मांडू."

ऊर्मिलानं मला विचारलं, "अहो, हे काय म्हणतायत?" मी सांगितलं. तिनं हेर श्टाडलर यांच्याकडे नीट बघितलं, एवढा धिप्पाड माणूस, आणि स्वतःचे दोन्ही हात पुढं केले, आडवे.

"अहो, टोपी यांच्याकडे द्या," ती मराठीतच म्हणाली. "आणि पाय जुळवा."

टोपी माझ्या हातात आली, आणि हेर श्टाडलर मागे झुकले.